बोलण्याचा भुर्दंड

एप्रिल २०१४ च्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेत एक ध्वनिफीत बाहेर फुटली. बोलणारा गृहस्थ ऐंशीला टेकलेला, लॉस एंजेलिसमधला बडा घरमालक. 'लॉस एंजेलिस क्लिपर्स' या बास्केटबॉल संघाची मालकीही १९८१ पासून त्याच्याकडेच होती. नाव डोनाल्ड स्टर्लिंग. फितीत तो आपल्या मैत्रिणीला झापत होता: काळ्या लोकांबरोबरचे फोटो जगाला कशाला दाखवतेस, आणि त्यांना माझ्या सामन्यांना आणत जाऊ नकोस. ज्या फोटोवरून हे सगळे सुरू झाले त्यात मॅजिक जॉन्सन होता, बास्केटबॉलच्या इतिहासातल्या सर्वांत लाडक्या खेळाडूंपैकी एक. आणि ज्या एनबीए लीगमध्ये स्टर्लिंगचा संघ खेळत होता, तिथले सुमारे तीन-चतुर्थांश खेळाडू कृष्णवर्णीय. ज्यांच्या घामावर तिकिटे खपत होती त्यांनी प्रेक्षागृहात बसलेले मात्र मालकाला खपत नव्हते.

२७ एप्रिलला क्लिपर्सचा बाद फेरीतला सामना होता. सरावासाठी मैदानात उतरलेल्या खेळाडूंनी मधोमध येऊन अंगावरची जाकिटे काढून जमिनीवर टाकली. आतले लाल सदरे उलटे घातले होते, संघाचे नाव दिसू नये म्हणून. एकेक प्रायोजक पाठ फिरवू लागला. पुढच्या सामन्यांत खेळायचेच नाही, अशी भाषा लीगभर सुरू झाली. २९ तारखेला लीगचे आयुक्त अॅडम सिल्व्हर यांनी निर्णय जाहीर केला: स्टर्लिंगला तहहयात बंदी, नियमानुसार जास्तीत जास्त करता येईल तेवढा म्हणजे २५ लाख डॉलर दंड, आणि संघ विकायला भाग पाडण्याची कारवाई. पोलीस नाहीत, खटला नाही. फीत बाहेर आल्यापासून चार दिवसांत शिक्षा जाहीर झाली.

आता याच माणसाच्या आयुष्यातला आधीचा एक खटला पाहू. २००६ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने स्टर्लिंगवर दावा लावला होता. आरोप असा, की त्याच्या इमारतींमध्ये कृष्णवर्णीयांना आणि लेकुरवाळ्या कुटुंबांना घरे नाकारली जातात. कोरियाटाउनमध्ये तर कोरियन नसलेल्यांना जागा मिळू नये अशी व्यवस्था आहे. २००९ मध्ये त्याने आरोप मान्य न करता २७ लाख २५ हजार डॉलर भरून तडजोड केली. भाड्याच्या घरांतील भेदभावाच्या प्रकरणात न्याय खात्याने तोवर मिळवलेली ही सर्वांत मोठी रक्कम होती. लीगने काय केले? काहीच नाही. एकही सदरा उलटा झाला नाही, एकही प्रायोजक हलला नाही. उलट त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या जुन्या संस्थेच्या लॉस एंजेलिस शाखेने त्याला पुरस्कार दिला. २०१४ च्या मे महिन्यात दुसरा पुरस्कार द्यायचेही ठरले होते. फीत आली म्हणून तो रद्द झाला.

घर नाकारणे ही कृती. ती कुणाच्या तरी पोराबाळांना रात्री कुठे झोपायचे हे ठरवते. मैत्रिणीशी केलेली कुरकुर हे नुसते बोलणे, तेही खासगी. पण समाजाने माफ केली ती कृती, आणि शिक्षा दिली ती बोलण्याला. करीम अब्दुल-जब्बार या माजी खेळाडूने त्याच आठवड्यात 'टाइम'मध्ये लेख लिहून नेमके हेच बोट ठेवले: घरांचे प्रकरण सर्वांना माहीत होते, तेव्हा हा संताप कुठे होता? चोरून केलेल्या ध्वनिमुद्रणाचा प्रश्नही त्याने सोडला नाही. कॅलिफोर्नियात समोरच्याच्या संमतीशिवाय खासगी संभाषण मुद्रित करणे कायद्याला मंजूर नाही.

आणि शिक्षा तरी कसली? १९८१ मध्ये सुमारे सव्वा कोटी डॉलरला घेतलेला संघ ऑगस्ट २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टचे माजी प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी २०० कोटी डॉलरला घेतला. त्याच वर्षी लीगमधला दुसरा एक संघ ५५ कोटींना विकला गेला होता, आणि लीगमधला तोपर्यंतचा तो उच्चांक होता. स्टर्लिंगची अब्रू गेली, आणि स्टर्लिंग कुटुंबाच्या पदरात बास्केटबॉलच्या जगाला तोवर स्वप्नातही न दिसलेला भाव पडला.

द्वेषाचे मत बोलून दाखवणाऱ्याला समाजाने काय करावे, या वादात हे प्रकरण मला फार उपयोगी वाटते, कारण त्यात दोन्ही बाजूंची सोयीची वाक्ये लंगडी पडतात. 'बोलण्याचे स्वातंत्र्य आहे, मग शिक्षा कशी?' हे एक वाक्य. 'स्वातंत्र्य आहे, पण परिणाम भोगायची तयारी ठेवा' हे दुसरे. पहिल्याला कायद्याचा आधार नाही, आणि दुसरे खरे असूनही अर्धेच आहे.

कायद्याचे आधी पाहू. अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती १७९१ ची. तिचा रोख सरकारकडे आहे: कायदेमंडळाने वाणीचा संकोच करणारा कायदा करू नये. पुढे न्यायालयांनी हे बंधन राज्य सरकारांवर, नगरपालिकांवर, सरकारी विद्यापीठांवर लागू केले. बास्केटबॉल लीग सरकार नाही. शेजारी, वाचक, गिऱ्हाईक, मित्र हेही सरकार नाहीत. त्यांनी तोंड फिरवले तर घटना मध्ये पडत नाही.

सरकारवरचे हे बंधन किती कडक आहे, हे मात्र आपल्याकडच्या वाचकाला सहसा पचत नाही. १९७७ मध्ये शिकागोजवळच्या स्कोकी या गावात नाझी गणवेश घालून, स्वस्तिक मिरवत मोर्चा काढण्याची घोषणा फ्रँक कॉलिन नावाच्या माणसाने केली. त्याच्या पक्षाची माणसे मूठभर. गावात ज्यूंची वस्ती मोठी, आणि त्यांत छळछावण्यांतून जिवंत परतलेले हजारो लोक. गावाने बंदी आणण्यासाठी जंग जंग पछाडले. कॉलिनची बाजू न्यायालयात मांडली ती एसीएलयू या नागरी स्वातंत्र्याच्या संस्थेने. तिचे वकील डेव्हिड गोल्डबर्गर ज्यू होते. तिचे कार्यकारी संचालक आर्ये नायर बर्लिनमध्ये जन्मलेले, नाझींच्या तावडीतून लहानपणी निसटलेले. हजारो सभासद संस्था सोडून गेले, वर्गण्या आटल्या. संस्था जागची हलली नाही. सरकारला आज कॉलिनचे तोंड बंद करू दिले, तर उद्या दक्षिणेतल्या कुठल्याही गावाचा नगराध्यक्ष कृष्णवर्णीयांच्या मोर्चाला तोच नियम दाखवील, हा त्यांचा हिशेब होता. न्यायालयांनी तो मान्य केला.

गंमत म्हणजे, हक्क मिळाल्यावर कॉलिन स्कोकीला गेलाच नाही. १९७८ च्या उन्हाळ्यात त्याने शिकागोतच दोन छोट्या सभा घेतल्या. पहिल्या सभेत विरोधकांच्या आरडाओरड्यात त्याचे भाषण कुणाला धड ऐकू आले नाही. दुसरी झाली मार्क्वेट पार्कमध्ये, जिथे त्याच्या पक्षाचे बस्तान होते, आणि तिथे त्याला टाळ्या वाजवणारेही भेटले. त्याचे वडील स्वतःच ज्यू असून दाखाउच्या छळछावणीतून आलेले होते. पुढे मुलांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणात तो सापडला आणि त्याच्याच पक्षाने त्याला हाकलले. स्कोकीतल्या वाचलेल्या माणसांनी मात्र तोवर फारसे न बोललेले बोलायला सुरुवात केली. त्यांनी संस्था काढली, शाळांतून जाऊन सांगितले. १९९० मध्ये इलिनॉय राज्याने ज्यू नरसंहाराचा इतिहास शाळांत शिकवणे सक्तीचे केले. अमेरिकेतले असे ते पहिले राज्य. २००९ मध्ये त्याच गावात मोठे संग्रहालय उभे राहिले. हाही कॉलिनच्या बोलण्याचा सामाजिक परिणामच. तो कॉलिनवर झाला नाही, एवढेच.

असाच एक परिणाम मोटारसायकलवाल्यांचा. कॅन्ससमधले वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च नावाचे एक छोटे कुटुंबवजा मंडळ युद्धात मेलेल्या सैनिकांच्या अंत्यविधीबाहेर समलिंगी लोकांविरुद्ध अत्यंत विखारी फलक घेऊन उभे राहत असे. एका सैनिकाच्या वडिलांनी नुकसानभरपाईचा दावा केला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तो फेटाळला. सार्वजनिक विषयावरचे बोलणे, सार्वजनिक रस्त्यावरून केलेले. कितीही हिडीस असले तरी त्यासाठी भरपाई वसूल करता येणार नाही. पण न्यायालयाच्या कितीतरी आधी, २००५ पासूनच, पेट्रियट गार्ड रायडर्स नावाचे मोटारसायकलस्वार या अंत्यविधींना जाऊ लागले होते. हातात मोठे झेंडे घेऊन ते रांगेत उभे राहत. शोकाकुल घरच्यांना ते फलक दिसत नसत. कुणाचे तोंड बंद केले नाही, कुणाचा फलक हिसकावला नाही.

तोंड फिरवणे, नाव घेऊन धिक्कार करणे, धंदा बंद पाडण्यासाठी लोकांना हाक देणे, हेसुद्धा बोलण्याच्याच स्वातंत्र्यात मोडते, ही बाब या वादात बहुतेक वेळा हरवते. १९६६ मध्ये मिसिसिपीतल्या पोर्ट गिब्सन गावात कृष्णवर्णीयांनी गोऱ्या व्यापाऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला. मागण्या साध्या होत्या: दुकानांत आमच्या लोकांना नोकऱ्या द्या, आम्हाला माणसासारखे संबोधा, शाळांतला भेद संपवा. बहिष्कार मोडून कुणी दुकानात जातो का हे बघायला काळ्या टोप्या घातलेले स्वयंसेवक बाहेर उभे राहत. जे गेले त्यांची नावे टिपून चर्चमधल्या सभेत मोठ्याने वाचली जात, पत्रकात छापली जात. व्यापाऱ्यांनी दावा केला आणि राज्याच्या न्यायालयातून साडेबारा लाख डॉलरची भरपाई मिळवली. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. लोकांना लाजवणारे, त्यांच्यावर दबाव आणणारे बोलणेही संरक्षित आहे. हिंसा आणि हिंसेची धमकी तेवढी नाही, असे न्यायालयाने बजावले. बहिष्कार मोडणाऱ्या काहींच्या घरांवर गोळ्याही झाडल्या गेल्या होत्या, हे इथे विसरता कामा नये.

म्हणजे स्टर्लिंगला बोलायचा हक्क, आणि त्याच्या खेळाडूंना सदरा उलटा घालायचा हक्क. 'माझ्या बोलण्यावर कुणी काही बोलू नये' अशी मागणी करणारा माणूस स्वातंत्र्य मागत नसतो. तो इतरांना गप्प बसवायला बघत असतो. इतपत उघड आहे. प्रश्न यानंतर सुरू होतो.

जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ मध्ये 'ऑन लिबर्टी' लिहिले तेव्हा त्याला सरकारपेक्षा शेजाऱ्यांचीच धास्ती अधिक वाटत होती. तत्कालीन इंग्लंडात मतासाठी तुरुंगात जाणे विरळ झाले होते, पण समाजाची जरब माणसाला अधिक खोलवर, त्याच्या रोजच्या जगण्यात गाठते, असे तो म्हणतो. ज्याच्याकडे स्वतःची मिळकत आहे त्याला लोकांच्या नापसंतीची फिकीर करायचे कारण नाही. पण ज्याचे पोट दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, त्याची भाकरी काढून घेणे आणि त्याला कोठडीत टाकणे यांत मिलला फरक दिसत नव्हता. त्याच पुस्तकात पुढे, स्वतःपुरते दुर्गुण असलेल्या माणसाबद्दल बोलताना, तो एक बारीक रेघ ओढतो: अशा माणसाची संगत टाळायचा आपल्याला हक्क आहे, इतरांना सावध करायचाही आहे, पण टाळल्याचा देखावा मिरवायचा नाही.

मिलची भाकरीची कसोटी स्टर्लिंगला लावून पाहा. त्याची भाकरी कधीच धोक्यात नव्हती. आता तेच शब्द गोदामात पेट्या उचलणाऱ्या किंवा बस चालवणाऱ्या माणसाच्या तोंडी घाला. अमेरिकेत बहुतेक राज्यांत खासगी मालक नोकराला कारण न देताही काढू शकतो. मोंटाना हा अपवाद, तिथे १९८७ च्या कायद्याने योग्य कारण लागते. कॅलिफोर्नियात १९३७ पासून मालकाला नोकराच्या राजकीय हालचालींवर अंकुश ठेवता येत नाही. सरकारी नोकराला घटनेचे थोडेफार कवच आहे. १९६८ मध्ये शाळेच्या कारभारावर वृत्तपत्रात टीका केली म्हणून काढलेल्या एका शिक्षकाला सर्वोच्च न्यायालयाने न्याय दिला. उरलेल्या कोट्यवधी लोकांना काय? त्यांच्या मालकाला एक ओंगळ वाक्य कळले की दुपारपर्यंत नोकरी जाऊ शकते, आणि नोकरीबरोबर बहुधा आरोग्य विमाही. एकाच वाक्यासाठी श्रीमंताला २०० कोटींची विक्री आणि गरिबाला उपाशी पोट, ही व्यवस्था न्याय्य कशी म्हणायची?

इथे कुणी म्हणेल, द्वेष ओकणाऱ्याचा एवढा कळवळा कशाला? कळवळा त्याचा नाही. हत्यार कुणाच्या हातात जाते याची काळजी आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्राला तरी समजावून सांगावी लागू नये.

र. धों. कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. संततिनियमनाचा प्रचार थांबवा, नाहीतर नोकरी सोडा, असा पेच त्यांच्यापुढे आला. त्यांनी नोकरी सोडली. ना सरकारी हुकूम, ना खटला. खटले नंतर, 'समाजस्वास्थ्य' मासिकामुळे आले, आणि त्यांतल्या एकात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. पण सुरुवातीचा तो पेच मालकाने घातला होता, आणि आज कुणी नोकरीवरून काढले की जे वाक्य बोलले जाते तेच वाक्य तेव्हाही बोलता आले असते: बोलायला तुम्ही मोकळे आहात, फक्त आमच्याकडे नोकरी करू नका. आगरकरांनी तर पुण्यात जिवंतपणी स्वतःची अंत्ययात्रा पाहिली. कर्वे किंवा आगरकर द्वेष पसरवत नव्हते, हे आपण आज म्हणतो. त्यांच्या काळच्या बहुसंख्यांना ते धर्मावर, शीलावर, स्त्रियांच्या अब्रूवर घाला घालणारे वाटत होते. घाव आपल्याला लागला असे समाजाला प्रत्येक वेळी मनापासून वाटतच असते.

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषणाचा मजकूर आधी हाती पडताच मंडळाचे धाबे दणाणले. काही भाग गाळा, अशी विनंती झाली; त्यांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. संमेलनच रद्द झाले. व्यासपीठ काढून घेणे हा मंडळाचा हक्कच होता, त्यात बेकायदा काही नव्हते. आंबेडकरांनी भाषण स्वतः छापले आणि दीडएक हजार प्रती पाहता पाहता संपल्या. त्याच 'जातिभेद निर्मूलना'त त्यांचे एक निरीक्षण आहे, की सरकारच्या जुलमापेक्षा समाजाचा जुलूम भारी असतो, आणि म्हणून सरकारला आव्हान देणाऱ्या पुढाऱ्यापेक्षा समाजाला आव्हान देणारा सुधारक अधिक धाडसी. लंडनमध्ये बसून मिलला जे दिसले ते आंबेडकरांनी सोसून लिहिले होते.

आपल्याकडच्या वाळीत टाकण्याच्या पद्धतीत मात्र एक गोष्ट होती, जी आजच्या जगभरच्या धिक्कारात नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर आलेला चहा टिळक, रानडे आदी मंडळींपुढे ठेवला गेला, त्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा तंटा, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. चौकशी झाली, कुणी काय केले याची छाननी झाली, प्रायश्चित्ते सांगितली गेली. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले तेव्हा सुधारकच त्यांच्यावर तुटून पडले, हा भाग वेगळा. सगळा प्रकार आज हास्यास्पद वाटतो, आणि तो तसा होताही. एका कपाच्या मागे दोन वर्षे गेली. पण त्या व्यवस्थेत आरोप काय, निवाडा कोण करणार, शिक्षा किती आणि ती भोगून झाल्यावर माणूस पंगतीत परत कसा येणार, याची उत्तरे ठरलेली होती. आज माणसाला वाळीत टाकणारी कुणी जातपंचायत नसते, म्हणून त्याला परत घेणारेही कुणी नसते. माफी कुणाकडे मागायची? मागितली तर ती पुरली हे कोण सांगणार?

याचा अर्थ जातपंचायती बऱ्या होत्या, असा मुळीच नाही. त्या काय करू शकतात हे महाराष्ट्राने पुरेसे पाहिले आहे. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्यावर बंदी घातली होती. १९६२ मध्ये दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. पुढे अंधश्रद्धा निर्मूलन समितीसारख्या संघटनांनी गावोगावची प्रकरणे उजेडात आणली आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा जुलै २०१७ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. पोर्ट गिब्सनचा बहिष्कार आणि आपल्या गावकीचा बहिष्कार यांत फरक कुठे पडतो, हे या कायद्याकडे पाहिले की कळते. तिथे पिचलेल्यांनी सबळांकडून माल घेणे थांबवले. इथे सबळ मंडळी एका कुटुंबाचे किराणा, पाणवठा, सोयरीक, अगदी मयताचा खांदासुद्धा तोडतात. एक जण गिऱ्हाईक म्हणून निघून जातो, दुसरा जगण्याचीच वाट अडवतो.

भारतात सरकारची बाजूही अमेरिकेसारखी नाही. कलम १९(१)(क) स्वातंत्र्य देते, १९(२) त्यावर वाजवी निर्बंधांना जागा ठेवते, आणि गटागटांत वैर पसरवणे हा गुन्हा आहे. जुन्या दंडविधानात तो १५३-अ होता, जुलै २०२४ पासून न्याय संहितेत १९६. २०२३ च्या जानेवारीत तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने म्हटले, की १९ आणि २१ या कलमांतले हक्क सरकारव्यतिरिक्त इतरांविरुद्धही बजावता येतील. यातून पुढे काय निघेल ते निघो. कायदा एवढा जय्यत असूनही आपल्याकडे विखारी भाषण करणाऱ्याला रोजच्या व्यवहारात काय मोजावे लागते? पुष्कळदा काहीच नाही. हार मिळतात, पुढच्या सभेचे आमंत्रण मिळते. समाजाची शिक्षा ऐकणाऱ्यांच्या नाराजीवर चालते. ऐकणारे खूश असतील तर द्वेष हा नफ्याचा धंदा होतो. मार्क्वेट पार्कमध्ये कॉलिनला टाळ्या मिळाल्या त्या उगीच नाहीत.

आणि पडद्यामागून सरकार शिरले की 'खासगी निर्णय' हा शब्दही फसवा होतो. १९४७ च्या नोव्हेंबरात हॉलिवुडच्या बड्या स्टुडिओमालकांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून ठरवले, की संसदीय समितीपुढे तोंड न उघडणाऱ्या दहा जणांना आणि कुठल्याही कम्युनिस्टाला काम द्यायचे नाही. कागदोपत्री हा धंदेवाल्यांचा स्वतःचा निर्णय. डाल्टन ट्रंबो हा पटकथालेखक त्यात सापडला. टोपणनावाने लिहिलेल्या त्याच्या चित्रपटाला १९५७ च्या समारंभात ऑस्कर मिळाले आणि बक्षीस घ्यायला तो लेखक काही पुढे आला नाही. पडद्यावर त्याचे खरे नाव परतले १९६० मध्ये.

शिक्षेने माणूस बदलतो का, याचे माझ्या माहितीतले सर्वांत चांगले उत्तर डेरेक ब्लॅक यांच्या गोष्टीत आहे. वडील कू क्लक्स क्लॅनचे माजी म्होरके, गोऱ्या वर्चस्ववाद्यांचे सर्वांत मोठे संकेतस्थळ चालवणारे. घरातल्या वारशाची पुढची गादी डेरेक यांचीच, असे सगळे धरून चालले होते. २०१० मध्ये ते फ्लोरिडातल्या न्यू कॉलेजमध्ये शिकायला गेले. पुढच्या वर्षी ते कोण आहेत हे उघडकीला आले आणि सगळे कॉलेज खवळले. बहुतेकांनी बोलणे टाकले. अशात एका सनातनी ज्यू विद्यार्थ्याने त्यांना शुक्रवारच्या शब्बाथच्या जेवणाला बोलावले. एरवी त्या जेवणाला आठ-दहा जण जमत. त्या दिवशी मोजकेच आले. डेरेक पुन्हा गेले, पुन्हा गेले. जेवताना राजकारण निघत नसे. वाद झाले ते मागाहून, एकेका मित्राशी, आकडेवारी समोर ठेवून, महिनोन्‌महिने. जुलै २०१३ मध्ये त्यांनी जाहीर पत्र लिहून त्या विचारांशी नाते तोडले, आणि घरच्यांशीही ते बहुतेक तुटले.

ही गोष्ट सांगताना लोक जेवणावर थांबतात, कारण ती बाजू गोड आहे. डेरेक स्वतः तेवढ्यावर थांबत नाहीत. कॉलेजने झिडकारले नसते तर आपल्या बोलण्याने कुणाला काही होते, हे आपल्या डोक्यात शिरलेच नसते, आणि त्या जेवणाला जायचे कारणही पडले नसते, असे त्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. त्या शुक्रवारी जे आले नाहीत, ज्यांना अशा माणसाशेजारी बसून घास उतरला नसता, त्यांनीही आपल्या वाटचे काम केलेच होते. फक्त त्यांतल्या कुणी स्वयंपाक करणाऱ्याला 'याला का बोलावतोस' म्हणून वाळीत टाकले नाही.